ग्लॅम्पिंगला जाताना आधी टब पाहावा, मग तंबू

उघड्यावर गरम पाण्याचा टब असलेली ग्लॅम्पिंगची, म्हणजे सुखसोयींनी सजलेल्या तंबूत राहण्याची, जागा शोधू लागले की छायाचित्रांत आधी तंबूच डोळ्यांत भरतो. त्याचा घुमट, आतला पलंग, उशाशी लावलेले दिवे हे सारे समोर असते आणि टब चित्राच्या कडेला कुठेतरी वाफाळत असतो. प्रत्यक्षात मुक्कामाचे वेळापत्रक मात्र हा टबच ठरवतो. तंबूत सामान टाकून स्थिरस्थावर व्हायला फारसा वेळ लागत नाही, पण गार पाण्याने भरलेला टब अंगाला सुखावेल इतका तापायला दोन तास लागतील की पंधरा, हे त्याच्या रचनेवर अवलंबून असते आणि आरक्षण करण्यापूर्वीच विचारून घेता येते. म्हणून जागा निवडताना सुरुवात टबापासून करावी, असा माझा आग्रह आहे. पाणी कशावर तापते, किती वेळा बदलले जाते आणि टबातून निघून तंबूपर्यंत किती अंतर चालावे लागते, एवढे कळले की बाकीच्या निवडी बऱ्याच सोप्या होतात.

टब कशावर तापतो

अशा जागी ढोबळमानाने तीन प्रकारचे टब आढळतात: लाकडावर तापणारा, विजेवर चालणारा कायमचा बसवलेला, आणि हवा भरून उभा केलेला, जो विजेवरच चालतो. त्यांतला फरक समजायला थोडे गणित पुरते. चार-पाच जणांच्या टबात साधारण १,५०० लिटर पाणी मावते. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे १.१६ वॉट-तास ऊर्जा लागते. त्या हिशेबाने १२ अंशांचे पाणी ३८ अंशांवर न्यायला जवळजवळ ४५ युनिट उष्णता हवी. ३ किलोवॉटचा विजेचा हीटर एवढी उष्णता पंधरा तासांत देतो, तेही झाकण घट्ट लावलेले असून काहीच वाया जात नाही असे धरले तर. लाकडाची चूल चांगली पेटली की २० ते ३० किलोवॉटच्या घरात उष्णता देते, त्यामुळे तेच काम दोन-तीन तासांत उरकते.

या एका फरकातून बाकीचे सगळे निघते. विजेचा टब दर वेळी रिकामा करून नव्याने तापवणे परवडत नाही, म्हणून तो सतत गरम ठेवला जातो आणि तेच पाणी गाळून, जंतुनाशक घालून अनेक पाहुण्यांसाठी वापरले जाते. आपण पोचताच त्यात उतरू शकतो, ही त्याची मोठी सोय. पण पाण्याची निगा कशी राखली जाते, ही चौकशी तिथे जास्त बारकाईने करावी लागते. लाकडाचा टब बहुतेक ठिकाणी प्रत्येक पाहुण्यासाठी ताजा भरतात. मिनिटाला १५ लिटर पाणी देणाऱ्या नळाने १,५०० लिटर भरायला पावणेदोन तास जातात आणि तापवण्याचे तास त्यापुढे मोजायचे. संध्याकाळी पाच वाजता पोचून टब आपणच भरायचा आणि पेटवायचा असेल, तर पाण्यात उतरायला रात्रीचे नऊ-दहा वाजतील हे धरून चालावे. हवा भरलेल्या टबात पाणी कमी, साधारण ८००-९०० लिटर असते. मात्र त्याचा हीटर बहुधा २ किलोवॉटच्या आसपासचा असतो आणि बुडबुडे सोडणारा त्याचा पंप बाहेरचीच हवा पाण्यात ढकलत असल्याने थंडीत तो चालू ठेवला की पाणी निवत जाते. कडाक्याच्या थंडीत जायचे असेल तर हा प्रकार मी तरी टाळेन.

लाकडावरच्या टबांपैकी काही पूर्ण लाकडाचे असतात आणि काहींना आतून प्लास्टिकचे अस्तर असते. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात वाइनची जुनी लाकडी पिंपे कापून असे टब बनवले जात, आणि आजचा अस्तर नसलेला टबही पिंपासारखाच उभ्या फळ्या धातूच्या कड्यांनी आवळून केलेला असतो. फळ्या पाण्याने फुगतात आणि मधल्या फटी बुजतात. त्यामुळे बरेच दिवस कोरडा राहिलेला टब भरल्यावर आधी थोडा पाझरला, तर घाबरण्याचे कारण नाही. अस्तर असलेला टब धुवायला सोपा, म्हणून स्वच्छतेच्या दृष्टीने मी त्याला झुकते माप देतो.

आरक्षणापूर्वी विचारायचे प्रश्न

यजमानाला थेट प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. जो टबाची नीट काळजी घेतो त्याला या प्रश्नांची उत्तरे तोंडपाठ असतात. टब आपल्याच तंबूचा आहे की इतर तंबूंशी सामाईक, हे पहिले. सामाईक असेल तर वेळ वाटून दिलेली असते का, हेही विचारावे. पाणी कधी बदलले जाते, आपण पोचण्यापूर्वी टब भरून पेटवून ठेवतील का, लाकूड भाड्यात धरले आहे का आणि किती, हे त्यानंतर. एक किलो वाळक्या लाकडात सुमारे ४ युनिट उष्णता असते. निम्मी उष्णता धुराड्यावाटे गेली असे धरले, तर एकदा टब तापवायला २० ते २५ किलो लाकूड लागते. दोन रात्रींसाठी एक लहानशी जुडी मिळणार असेल, तर टब एकाच रात्री वापरायला मिळेल हे ओळखावे.

याखेरीज टब वापरण्याच्या वेळेवर काही बंधन आहे का, आणि रात्री ठरावीक वेळेनंतर पंप बंद होतो का, हे विचारून ठेवावे; शांततेच्या नियमामुळे बऱ्याच ठिकाणी असे करतात. कोरड्या हंगामात वणव्याच्या धोक्यामुळे उघड्यावर विस्तव पेटवायला बंदी येऊ शकते. अशा वेळी लाकडाचा टब बंद राहणार असेल तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते, याचे उत्तर लेखी घ्यावे.

तंबूचा विचार

तंबूचा प्रकार हा बऱ्याच अंशी आवडीचा प्रश्न आहे, पण टबाच्या संदर्भात दोन गोष्टी तपासाव्यात. ओल्या अंगाने टबातून निघाल्यावर ऊब किती लवकर मिळते, ही पहिली. टबापासून दारापर्यंतची वाट फळ्यांची किंवा फरशीची असावी आणि तिच्यावर मंद उजेड असावा. न्हाणीघर तंबूला लागूनच असेल तर फारच उत्तम, कारण टबात उतरण्यापूर्वी आणि निघाल्यावर अशी दोनदा अंघोळ होते. ओले कपडे आणि टॉवेल कुठे वाळणार, ही दुसरी. अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी १९५४ साली पेटंट घेतलेल्या भूमितीय घुमटाच्या धर्तीवरचे पारदर्शक तंबू रात्री सुंदर दिसतात, पण दुपारच्या उन्हात ते आतून तापतात आणि रात्री त्यांच्या आतल्या बाजूला दव धरते. त्यात चार ओले टॉवेल टांगले की सकाळी अंथरुणही दमट लागते. मध्य आशियातील भटक्या पशुपालकांच्या लोकरी युर्टमध्ये, म्हणजे गोल तंबूत, हा त्रास कमी होतो, कारण नमद्याच्या (दाबून केलेल्या लोकरीच्या) भिंती ऊब धरून ठेवतात आणि ओल्या हवेला छताच्या मध्यावरून वाट मिळते. साध्या कापडी तंबूत चूल असेल तर उत्तम. नसेल तर थंडीत जाऊ नये.

टबात बसून तारे पाहायचे असतील तर अमावास्येच्या आसपासची तारीख धरावी. १२-१३ ऑगस्टच्या सुमारास ययाती तारकासमूहातला आणि १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतला उल्कावर्षाव ऐन भरात असतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि टबातले रंगीत दिवे एकदा लावले की ती मोडते, म्हणून ते बंद करण्याची सोय आहे ना, हे पाहून घ्यावे.

सामानाची यादी लांबवण्याची गरज नाही. पोहण्याच्या कपड्यांचे दोन जोड, जास्तीचे टॉवेल, जाड झगा, न घसरणाऱ्या रबरी सपाता, थंडी असेल तर कानटोपी आणि न फुटणारे पेले एवढे पुरते. पोहण्याचे कपडे निघण्यापूर्वी नुसत्या पाण्यात दोनदा खळबळून घ्यावेत, कारण कापडात उरलेल्या साबणाचा टबात फेस होतो. पाण्यातील क्लोरीन आणि सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) तपासण्याच्या कागदी पट्ट्या आणि तरंगणारा तापमापक या दोन छोट्या वस्तू मात्र आवर्जून जवळ ठेवाव्यात.

लाकडाचा टब पेटवताना

चुलीत पहिली काडी ओढण्यापूर्वी पाण्याची पातळी पाहावी. चूल टबाच्या बाहेर असेल तर तिला जोडणाऱ्या दोन नळ्यांची तोंडे टबाच्या भिंतीत दिसतात, एक खाली आणि एक वर. गार पाणी खालच्या नळीतून चुलीभोवतीच्या पोकळीत शिरते, तापून हलके होते आणि वरच्या नळीतून टबात परत येते. त्यासाठी पंप लागत नाही. लाकडावरचा बंब ज्यांनी पेटवला आहे त्यांना ही रचना लगेच ओळखीची वाटेल. वरच्या नळीचे तोंड पाण्यात पूर्ण बुडाल्याशिवाय हे अभिसरण सुरू होत नाही. चुलीतले पाणी जागच्या जागी उकळू लागते, आणि पाण्यावाचून जाळ लागला तर पत्रा वाकतो किंवा सांधे उसवतात. चूल टबाच्या आतच बुडवलेली असेल तर तिचा तापणारा भाग पाण्याखाली असायला हवा आणि तिच्यापुढचे लाकडी कठडे जागेवर हवेत, कारण तिच्या भिंतीला अंग लागले तर भाजते.

लाकूड वाळलेले, म्हणजे २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचे असावे. अशी दोन लाकडे एकमेकांवर आपटली तर टणक आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बसका असतो आणि ते धूरच जास्त करते. सुरुवात बारीक ढलप्यांनी करावी, हवेची झडप पूर्ण उघडी ठेवावी आणि जाळ धरल्यावर मनगटाएवढी लाकडे घालत जावीत. मोठा ओंडका एकदम कोंबला तर चूल गुदमरते. पाणी तापेपर्यंत झाकण टबावरच राहू द्यावे, कारण उघड्या टबाची उष्णता मुख्यतः वाफेवाटे जाते आणि वारा असेल तर ती फार झपाट्याने जाते.

तास-दीड तासाने झाकण उचलले की वाफ तोंडावर येते, पाण्यावर बोट टेकवले तर चटका बसतो, आणि खांद्यापर्यंत हात खाली घातला तर तळाचे पाणी अजून गारढोण लागते. गरम पाणी वर तरंगते आणि गार पाणी तळाशी दडून राहते, म्हणून टबासोबत लाकडी वल्हे ठेवलेले असते. दर अर्ध्या तासाने ते तळापर्यंत नेऊन, खालचे पाणी वर येईल अशा बेताने पाच-सात वेळा ढवळावे आणि मगच तापमान मोजावे. तापमापक दोरीने टबाच्या मध्यावर सोडला तर आकडा खरा कळतो. न ढवळलेल्या पाण्याच्या पृष्ठभागावर ४० अंश दिसले म्हणून लाकूड घालणे थांबवले, तर टब प्रत्यक्षात ३० च्याच आसपास राहतो.

पाणी ३५-३६ अंशांवर आले की लाकूड घालणे थांबवावे, कारण उरलेले निखारे पाणी आणखी दोन-तीन अंशांनी चढवतात. त्यातूनही जास्त तापले तर गार पाण्याचे विसण घालून ढवळावे आणि पुन्हा मोजावे. टबात बसल्यावर दर वीस-पंचवीस मिनिटांनी एखादे लहान लाकूड घातले तर तापमान टिकून राहते. चुलीवर पाणी ओतून ती विझवू नये, त्याने ओतीव धातूला तडा जाऊ शकतो. रात्र गोठवणारी असेल तर टब तसाच सोडून झोपण्यापूर्वी यजमानाला विचारावे, कारण नळ्यांत पाणी गोठले तर त्या फुटतात.

एक गोष्ट मी निक्षून सांगेन. टबाच्या चुलीतले किंवा शेगडीतले निखारे ऊब मिळावी म्हणून तंबूत कधीही आणू नयेत. विझत आलेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. तंबूत धुराडे असलेली चूल असेल तर तिथे कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र हवे. ते दिसले नाही तर मागून घ्यावे.

पाणी स्वच्छ आहे हे कसे ओळखावे

गरम टबातले पाणी पोहण्याच्या तलावापेक्षा लवकर बिघडते. पाणी थोडे, माणसे दाटीने बसलेली, आणि तापमानामुळे क्लोरीन लवकर उडून जाणारे, अशी ही अडचण आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या सूचनेनुसार अशा टबात क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन भाग) किंवा ब्रोमिन किमान ४ पीपीएम असावे आणि सामू ७.० ते ७.८ च्या दरम्यान राहावा. कागदी पट्टी पाण्यात बुडवून डबीवरच्या रंगांशी ताडली की अर्ध्या मिनिटात उत्तर मिळते. क्लोरीनचा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ, हा समज चुकीचा आहे. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात आणि तो वास त्यांचा असतो. म्हणजे जंतू मारायला हवे ते क्लोरीन दुसरीकडेच खर्ची पडले आहे. पाणी गढूळ दिसले, भिंतीला हात लावल्यावर बुळबुळीत लागली किंवा फेस बसेना, तर उतरू नये.

हा काटेकोरपणा अकारण नाही. क्लोरीन कमी पडले की स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूमुळे अंगावर खाजरे पुरळ उठते, आणि ते पोहण्याच्या कपड्याखाली जास्त असते. लिजिओनेला हा जिवाणू अधिक गंभीर आहे; त्याला साधारण २५ ते ४५ अंशांचे पाणी मानवते आणि तो बुडबुड्यांमुळे उडणाऱ्या बारीक तुषारांवाटे फुप्फुसांत जातो. १९९९ साली नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथे फुलांच्या प्रदर्शनात नुसते दाखवायला ठेवलेल्या गरम टबांच्या तुषारांतून त्याची साथ पसरली आणि तीसहून अधिक माणसे दगावली. पाण्यात पाऊलही न टाकता ती बाधित झाली होती. म्हणून बुडबुडे आणि फवारे असलेल्या टबात पाण्याची निगा सर्वांत महत्त्वाची मानावी, आणि घरी परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप, खोकला, धाप अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना टबाचा उल्लेख आवर्जून करावा. ज्या लाकडी टबांना गाळणी नाही आणि औषधही घालत नाहीत, त्यांचे पाणी रोज बदलायला हवे. आदल्या रात्रीचे पाणी पुन्हा तापवून वापरण्याचा मोह आवरावा.

आपल्या बाजूने करायची गोष्ट एकच, पण ती टाळू नये: उतरण्यापूर्वी साबण लावून स्वच्छ अंघोळ करावी. जपानमधील गरम पाण्याच्या झऱ्यांवर, म्हणजे ओनसेनांत, अंग धुतल्याशिवाय कोणी पाण्यात पाय ठेवत नाही, आणि ही रीत साऱ्या जगाने उचलावी इतकी ती शहाणी आहे.

पाण्यात उतरल्यावर

तापमान ४० अंशांच्या वर कधीही जाऊ देऊ नये. ३७-३८ अंशांवर जास्त वेळ आणि जास्त आरामात बसता येते. ४० अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटे झाली की बाहेर निघून अंग निवू द्यावे, पाणी प्यावे आणि मग वाटल्यास पुन्हा उतरावे. गरम पाण्याने रक्तवाहिन्या पसरतात आणि रक्तदाब उतरतो. त्यामुळे झटकन उभे राहिले की घेरी येते. आधी टबाच्या काठावर बसावे, दोन मिनिटे थांबावे आणि कठडा धरून पायऱ्या उतराव्यात. मद्य घेऊन टबात बसू नये, कारण त्यानेही रक्तवाहिन्या पसरतात, झोप अनावर होते आणि टबातल्या बुडण्याच्या घटनांमागे हे कारण वारंवार आढळते. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. पाच वर्षांखालील मुलांना गरम टबात नेऊच नये. त्याहून मोठ्या मुलांसाठी पाणी कमी तापवावे, त्यांना थोडाच वेळ बसू द्यावे आणि त्या वेळी एक मोठे माणूस केवळ त्यांच्याकडे लक्ष ठेवून असावे.

पाणी ओढून घेणाऱ्या तळाच्या छिद्रावरील जाळी शाबूत आहे की नाही, हे उतरण्यापूर्वी बोटाने चाचपून पाहावे. २००२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रीम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम टबातील अशाच छिद्राच्या ओढीत अडकून बुडाली, आणि २००७ साली तिच्या नावाने तेथे सुरक्षित जाळ्या सक्तीच्या करणारा कायदा झाला. जाळी सैल किंवा तुटकी असेल तर पंप चालू करू नये. लांब केस वर बांधावेत, चांदीचे दागिने आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्यात, काचेचे काहीही टबाजवळ आणू नये. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर लगेच बाहेर यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात जाऊ नये. टबातून निघाल्यावर प्रत्येक वेळी झाकण लावून त्याचे पट्टे अडकवावेत. मुले सोबत असोत वा नसोत, उघडा टब रात्रभर सोडू नये.

निघण्याच्या दिवशी टब आपणच रिकामा करायचा असल्यास चूल पूर्ण गार झाल्यावरच बूच काढावे. पाणी यजमान सांगेल तिथेच सोडावे, कारण क्लोरीनयुक्त पाणी ओढ्यात गेले तर मासे मरतात. राख धातूच्या झाकणबंद डब्यात भरावी, कारण वरून गार दिसणाऱ्या राखेत विस्तव दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. मुक्कामात तापमापक चुकीचा दाखवत असल्याचे, जाळी हलत असल्याचे किंवा झाकणाचा पट्टा तुटल्याचे दिसले असेल तर ते निघण्यापूर्वीच समक्ष सांगावे, कारण पुढचे पाहुणे बहुधा त्याच दुपारी येणार असतात.